खेड्यातील आरोग्यसेवा आणि आपले मंडळ

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मेळाव्यात काही उपयुक्त विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी मला केली, तेव्हा मी शिक्षणावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. ज्याने छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून खडू झिजविला, त्याने शिक्षणावर बोलणे रीतीला धरूनच झाले असते. परंतु शिक्षणाविषयी आपल्या मंडळात अधिकाराने बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे ऐकून मंडळाने वसतिगृह व शिष्यवृत्ती ही दोन्ही कार्ये उत्तम चालविली आहेत. ज्या विषयावर या व्यासपीठावरून फारसे बोलले गेले नाही, तो विषय मी आज घेत आहे. तो म्हणजे खेड्यातील माणसाचे आरोग्य.

मी वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतलेला, आणि तेवढ्याच भांडवलावर सेवानिवृत्तीपर्यंत पोचलेला मी एक प्राथमिक शिक्षक आहे. मग हे धारिष्ट्य कशाच्या बळावर, असे कोणी विचारील. हजेरीपटाच्या बळावर, असे माझे उत्तर आहे. खेड्यातील शाळेचा हजेरीपट ज्याने वर्षानुवर्षे भरला आहे, त्याला गावाची प्रकृती हळूहळू कळू लागते. मृगाचा पाऊस पडून विहिरीचे पाणी गढूळ झाले की पहिली-दुसरीच्या रकान्यांत गैरहजेरीच्या खुणा दाट होतात; तो हगवणीचा काळ. भातकापणीच्या सुमारास तापाचे दिवस येतात. थंडीत खरजेने मुले स्वस्थ बसेनाशी होतात आणि थंडी सरता सरता गोवराची बातमी येते. चौथीतील एखादी हुशार मुलगी सलग आठ दिवस दिसली नाही, तर बहुधा ती स्वतः आजारी नसते. घरातले तान्हे आजारी असते, आई मजुरीला गेलेली असते, आणि तान्ह्याची शुश्रूषा या नऊ वर्षांच्या मुलीकडे आलेली असते. अशा मुलींचे किती दिवस बुडाले याचा हिशेब कोणत्याही दवाखान्यात सापडणार नाही; तो आमच्या हजेरीपटात आहे.

दुसरेही एक कारण सांगतो. मी प्राथमिक शिक्षक असल्यामुळे 'प्राथमिक' या शब्दाची उपेक्षा जन्मभर अनुभवली आहे. प्राथमिक म्हणजे खालचे, कमी पगाराचे, कोणालाही जमण्यासारखे, अशी आपल्या समाजाची समजूत आहे. प्राथमिक आरोग्यसेवेच्या कपाळी हीच समजूत आली. हृदयाची शस्त्रक्रिया झाली की वर्तमानपत्रात छायाचित्र येते. गावातल्या दोनशे मुलांना वेळेवर गोवराची लस टोचली गेली आणि त्यामुळे एकही मूल दगावले नाही, तर त्याची बातमी होत नाही. कारण न घडलेल्या मृत्यूचे छायाचित्र काढता येत नाही.

या विषयाचा विचार आपल्या देशात आज प्रथमच होत आहे असे नाही. स्वातंत्र्यापूर्वी सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९४६ साली अहवाल दिला आणि चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, पुढे ते प्रमाण वाढवावे, अशी सूचना केली. १९५२ साली समूह विकास योजनेबरोबर ही केंद्रे निघू लागली. त्याच्याही आधी, राष्ट्रीय नियोजन समितीने आरोग्यासाठी कर्नल सोखी यांची उपसमिती नेमली होती. हे सोखी मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक. त्यांची सूचना मला भोर समितीहूनही मोलाची वाटते : दर हजार वस्तीमागे गावातलाच एक आरोग्यसेवक शिकवून तयार करावा. ही सूचना अंमलात यायला पुढे साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. १९७७ साली तसा एक प्रयत्न झाला, परंतु तो टिकला नाही. १९७८ च्या सप्टेंबरात रशियाच्या त्या वेळच्या संघराज्यातील अल्मा-आटा येथे जागतिक परिषद भरली आणि सर्वांसाठी आरोग्य हे ध्येय राष्ट्रांनी मान्य केले. कागदावर, सज्जनहो, आपण फार पूर्वीच निरोगी झालो आहोत.

आता आपण शाळेतला हिशेब करू. सरकारी मापाप्रमाणे सपाटीच्या प्रदेशात तीस हजार, आणि डोंगरी व आदिवासी प्रदेशात वीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. पाच हजारांमागे, डोंगरात तीन हजारांमागे, एक उपकेंद्र असते. एक माणूस वर्षातून तीन वेळा औषधाला गेला असे धरा. तीस हजारांचे नव्वद हजार झाले. सुट्ट्या वजा करून कामाचे दिवस तीनशे धरा. म्हणजे रोज तीनशे माणसे. केंद्रात दोन डॉक्टर आहेत आणि दोघेही हजर आहेत असे समजा. असे समजणे पुष्कळ ठिकाणी औदार्याचे ठरेल. तरी एकेका डॉक्टराच्या वाट्याला दीडशे माणसे आली. सहा तासांत दीडशे, म्हणजे माणशी २ मिनिटे २४ सेकंद. यात बाळंतपण, विंचूदंश, शवविच्छेदन, बैठका आणि तक्ते भरणे धरलेले नाही. हा हिशेब मांडल्यावर एक गोष्ट उघड होते. डॉक्टर कितीही चांगला असला तरी तो आरोग्याची पहिली पायरी होऊ शकत नाही. पहिली पायरी दाराशी हवी, चालत पोचता येईल इतक्या अंतरावर हवी, आणि त्या पायरीवर उभे असलेले माणूस ओळखीचे हवे.

ही गोष्ट महाराष्ट्राला पुस्तकातून शिकावी लागली नाही. १९७० साली डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर मेबल आरोळे हे अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडला आले. दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. त्यांना शहरात काय कमी होते? परंतु ते दुष्काळी जामखेडला राहिले. लोकांनी प्रथम त्यांच्याकडे औषध मागितले नाही. अन्न आणि पाणी मागितले. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तेव्हा आरोळे दांपत्याने कूपनलिका खोदण्याचे काम हाती घेतले. नलिका कोठे खोदायची हा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी त्या दलितांच्या वस्तीलगत खोदवून घेतल्या. पाणी हवे तर सर्वांनी तेथे यावे. ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून मी ही गोष्ट मुद्दाम सांगत आहे. तिचे कारण पुढे येईल.

पाण्यानंतर दवाखान्याचा विचार आला. प्रथम त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगाव नेमून पाहिल्या. तो प्रयोग साधला नाही. तरुण, परगावची मुलगी, एकटी राहणार कोठे? आणि चार मुलांची आई तिचे ऐकणार कशाला? मग गावातूनच सूचना आली की आमच्यातल्याच एखाद्या बाईला शिकवा. ज्या बाया निवडल्या गेल्या त्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या. कित्येक दलित होत्या, काही परित्यक्ता वा विधवा होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शिकत : मुलाचे वजन कसे करावे, गरोदर स्त्रीची तपासणी कशी करावी, हगवणीत काय पाजावे, क्षयाचा खोकला कसा ओळखावा, कुष्ठरोग्याच्या अंगावरचा चट्टा कसा तपासावा. परत जाऊन त्या गावाला शिकवीत. १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत मरत होती. पंचवीस वर्षांत हा आकडा तीसच्या खाली आला. मी शिक्षक म्हणून विचार करतो तेव्हा थक्क होतो तो याच एका गोष्टीने, की ज्यांना आम्ही शाळेत आणू शकलो नव्हतो त्या बायांनी हे केले. या कार्याबद्दल आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. परंतु जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला येत ते त्या बायांपुढे बसून शिकत, हे पारितोषिक मला अधिक मोठे वाटते.

दुसरे उदाहरण पूर्व विदर्भातले. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. त्यांची पद्धत मला शाळामास्तराची वाटते : आधी मोजा, मग बोला. राणीताईंनी दोन गावांतील स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा शंभरातील ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात केवळ आठ होत्या. हा निबंध १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. बाकीच्या स्त्रियांनी ते दुखणे अंगावर काढले होते. का काढले, हे येथे बसलेल्या माताभगिनींना मी सांगावे असे नाही.

त्यानंतर तान्ह्या मुलांचा प्रश्न आला. बाळाचे पोट उडू लागले म्हणजे आपल्याकडे बिब्बा घालतात, डागतात, अंगारा लावतात. पोट उडणे म्हणजे पुष्कळदा न्यूमोनिया असतो. तो ओळखायला छायाचित्र लागत नाही, नळी लागत नाही. मिनिटाला श्वास किती ते मोजावे लागते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक झाले, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे पन्नास, आणि वर्षापासून पाच वर्षांपर्यंत चाळीस झाले, की धोका समजावा आणि एक क्षणही न घालवता उपचाराला न्यावे. भगिनींनो, हे तीन आकडे स्मरणिकेत छापून येतील तेव्हा कापून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावा. ज्या सुइणींना मोठे अंक मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी गडचिरोलीत मण्यांचे एक साधन केले गेले. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा, आणि मिनिट संपल्यावर मणी खुणेपलीकडे गेला की न्यूमोनिया. आमच्या शाळेतील पाटीवरच्या मणिचौकटीचेच ते नातलग.

पुढे १९९३ ते १९९८ या काळात त्यांनी ३९ गावांत आणखी मोठा प्रयोग केला. गावातील थोडेफार शिकलेली स्त्री निवडून तिला आरोग्यदूत केले. बाळंतपणाला हजर राहणे, बाळ रडले नाही तर श्वास देणे, वजन करणे, ऊब देणे, स्तनपान नीट लावून देणे, आणि जंतुदोषाची चिन्हे दिसली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सर्व तिला शिकविले. खेड्यातील बाई इंजेक्शन देणार म्हटल्यावर अनेकांनी भुवया उंचावल्या. परंतु तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांशी ताडून पाहिले तेव्हा नवजात मुलांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरलेले आढळले. हा निबंधही 'लॅन्सेट'मध्येच १९९९ साली आला. २००१ साली निघालेला 'कोवळी पानगळ' हा बालमृत्यूंचा अहवाल अनेकांच्या स्मरणात असेल. त्याने महाराष्ट्राची झोप काही काळ तरी उडविली होती. आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत सरकारने सबंध देशासाठी स्वीकारली.

आता मी डॉक्टरांच्या विरुद्ध बोलत आहे असा ग्रह करून घेऊ नका. डॉक्टराशिवाय चालणार नाही. तो कोठे बसतो एवढाच प्रश्न आहे. १९७६ च्या सुमारास डॉक्टर हिंमतराव बावस्कर नावाचा एक तरुण वैद्यकीय अधिकारी महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. कोकणातला लाल विंचू चावला की चांगली धडधाकट माणसे, विशेषतः मुले, फुप्फुसात पाणी भरून मरत. शंभरात तीस-चाळीस जात. पुस्तकात उपाय नव्हता. या डॉक्टरांनी रोग्याच्या उशाशी रात्री बसून काढल्या, नाडी आणि रक्तदाब टिपला, आणि अखेर रक्तदाबावरचे प्रॅझोसिन हे औषध विंचूदंशावर उपयोगी पडते असे दाखवून दिले. मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या घरात आले. हे संशोधन 'लॅन्सेट'ने छापले. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. मोठ्या प्रयोगशाळांना जे साधले नव्हते ते एका प्राथमिक आरोग्य केंद्रात साधले, कारण दुखणेही तेथेच होते आणि डॉक्टरही तेथेच राहत होते.

याच्या उलट काय चालते तेही सांगितले पाहिजे. मी ज्या एका गावात मुख्याध्यापक होतो, तेथील दुसरीतल्या एका मुलाला हगवण लागली. नऊ किलोमीटरवरच्या केंद्रात बापाने त्याला खांद्यावर नेले. दुपारची वेळ, तेथे शिपायावाचून कोणी नव्हते. तसाच तो तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात गेला. दोन बाटल्या सलाईन चढले आणि बिल चुकविण्यासाठी घरातली गाभण शेळी विकावी लागली. मूल वाचले, म्हणून गावात त्या दवाखान्याची कीर्ती झाली. त्या मुलाला पहिल्या दिवसापासून जलसंजीवनी पाजली असती तर शेळीही वाचली असती. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि सलाईन संपले होते. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून भरून नातेवाइकांच्या हातून पाजविले, आणि शंभरातील तीस मृत्यूंचे प्रमाण चाराच्या आत आणले. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ : याला दवाखाना लागत नाही. पण आपल्या लोकांची अशी श्रद्धा आहे की सुई टोचली नाही तर डॉक्टर कसला, आणि बाटली लावली नाही तर उपचार कसला. या श्रद्धेवर कित्येकांचे बंगले उभे राहिले आहेत.

मग आज आपल्या गावात पहिल्या पायरीवर कोण उभे आहे? २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि सोखी समितीची हजारी एक ही जुनी सूचना 'आशा' या नावाने पुन्हा अवतरली. आशाताई गावचीच सून किंवा लेक असते. गरोदर स्त्रीची नोंद, लसीकरणाच्या दिवशी घरोघर बोलावणे, क्षयरोग्याला गोळ्या, बाळंतिणीला दवाखान्यात पोचविणे, हे तिचे काम. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे असा नियम आहे. ही योजना निघाली तेव्हा या सहाही भेटींचे मिळून अडीचशे रुपये ठरले. भागाकार केला तर एका भेटीला ४१ रुपये ६६ पैसे. ती नोकर नाही, स्वयंसेविका आहे, म्हणून तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे. आणि तोही वेळेवर मिळावा म्हणून तिला रस्त्यावर उतरावे लागले आहे. महामारीच्या काळात, २०२० साली, आपण दारे लावून घरात बसलो होतो तेव्हा दारावरची कडी वाजवून 'ताप आहे का' असे विचारणारी ती होती. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचे पारितोषिक दिले. आपल्या मंडळाने काय दिले?

हा प्रश्न विचारण्यासाठीच मी इतका वेळ घेतला. माझ्या कपाटात मंडळाच्या मागील बारा स्मरणिका आहेत. त्या मी या व्याख्यानासाठी पुन्हा चाळल्या. गुणगौरवाच्या पानांवर वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचे छायाचित्र आहे, आणि ते योग्यच आहे. बारा वर्षांत परिचारिका झालेल्या एकाही मुलीचे नाव मला आढळले नाही. आपल्या घरांतून मुली परिचारिका झाल्या नाहीत असे नव्हे. माझ्याच माहितीत तीन आहेत. एक डोंगरातल्या उपकेंद्रावर एकटी काम करते. आशा म्हणून काम करणाऱ्या आपल्या ज्ञातीतील सुना तर कितीतरी असतील. त्यांचा फॉर्म कोणी पाठविला नाही, कारण हा गौरवाचा विषय आहे असे कोणाला वाटलेच नाही. आणि ज्या डॉक्टरांना आपण शिष्यवृत्ती दिली, त्यांपैकी खेड्यात किती गेले? ग्रामीण सेवेचे बंधपत्र लिहून दिल्यावर दंड भरून मोकळे होण्याची वाट राज्यात पुष्कळांनी धरली. आपली मुले त्यांना अपवाद होती असे म्हणता येत नाही. मी त्यांना दोष देत नाही. आपण बाळपणापासून त्यांच्या कानांवर 'मोठा डॉक्टर हो' एवढेच घातले. 'बिरवाडीला जा' असे कोणी म्हटले नाही.

दर वर्षी मंडळाचे आरोग्य शिबिर होते. उत्साही कार्यकर्ते राबतात, त्याबद्दल मला आदर आहे. परंतु एका दिवसात चारशे माणसांचा रक्तदाब मोजून, पंधरा दिवसांच्या गोळ्या वाटून आपण निघून येतो. सोळाव्या दिवशी काय? रक्तदाब आणि मधुमेह हे आता शहरी रोग राहिले नाहीत, आणि त्यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. फलक, पुष्पगुच्छ आणि भोजन यांवर जो खर्च होतो त्यात एका गावाला रक्तदाब मोजण्याचे यंत्र, वजनकाटा आणि साखर तपासण्याचे साधन मिळेल. आणि ते आशाताईच्या किंवा उपकेंद्रातील आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती दिले तर बाराही महिने चालेल. उपकेंद्रांना हल्ली आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. नाव बदलले तरी तेथे पाणी आहे का, दार उघडे असते का, गोळ्या आहेत का, हे पाहणारा गावात कोणीतरी पाहिजे.

आणि पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्यासाठी अबंधित निधीची तरतूद आहे. केंद्रासाठी रुग्ण कल्याण समिती असते. आपल्या गावच्या समितीत कोण आहे, ती शेवटची केव्हा बसली, हे सभागृहातील किती जणांना सांगता येईल? २००७ पासून महाराष्ट्रात काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला. पुण्याच्या 'साथी' या संस्थेने त्यात पुढाकार घेतला. गावकरी आपल्या केंद्राला गुणपत्रक देत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचून दाखवीत. डॉक्टर हजर नसतो, बाहेरून औषध आणायला लावतात, बाळंतिणीकडे पैसे मागितले, असे उभे राहून बोलणाऱ्या बाया त्यात होत्या. शिक्षक म्हणून मला गुणपत्रकाची ही कल्पना फार आवडली. आम्ही जन्मभर इतरांना गुण देत आलो, सरकारला गुण देण्याची संधी क्वचितच येते.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण कार्यकारी मंडळाच्या बैठकीत तो खजिनदारांनी सौम्य शब्दांत घेतला होता. मंडळाचा निधी ज्ञातीच्या हितासाठी आहे. उपकेंद्राला यंत्र दिले तर त्याचा उपयोग सगळा गाव करील. होय, करील. खजिनदारांची सचोटी मी जाणतो, आणि दात्यांच्या इच्छेबाहेर एक पैसाही जाऊ नये ही त्यांची कळकळ योग्य आहे. परंतु आरोग्याचा ज्ञातीपुरता हिशेब करता येत नाही. पलीकडच्या वस्तीतले मूल गोवराच्या लशीवाचून राहिले तर गोवर ओढा ओलांडून आपल्या आळीत येतो. डासाला आळी नाही. दोन्ही वस्त्यांच्या विहिरींना पाणी एकाच ओढ्याचे पाझरते. जामखेडला कूपनलिका कोठे खोदली हे मघाशी मी सांगितले, ते यासाठी. जो निधी फक्त आपल्या घरांपुरता राहील तो आपल्या घरांनाही वाचविणार नाही. दात्यांना पत्र पाठवून विचारावे. माझी खात्री आहे की नकार देणारे थोडे निघतील.

म्हणून तीन सूचनांचा एक ठराव मी लिहून आणला आहे. वैद्यकीय शिष्यवृत्तीच्या रकमेतील एक तृतीयांश भाग पुढील वर्षापासून परिचर्या आणि आरोग्य सेविकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी राखावा. गुणगौरव समारंभात, ज्या गावी मंडळाची घरे आहेत त्या गावच्या आशाताईंचा आणि उपकेंद्रातील सेविकांचा, त्या कोणत्याही ज्ञातीच्या असोत, सत्कार व्हावा. त्यांना शालीऐवजी रोख रक्कम द्यावी, असे मी कंसात लिहिले आहे, कारण शाली त्यांच्याकडे पुष्कळ जमतात. आणि यंदाचे शिबिर रद्द करून त्याचा खर्च दोन गावांतील वर्षभराच्या तपासणीला द्यावा. कोणती दोन गावे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे पदाधिकाऱ्यांच्या गावांची नावे पुढे येणार नाहीत.

ठरावाची प्रत चिटणीसांकडे दिलेली आहे. तिच्यासोबत एक छापील कागद आहे. त्यावर आपल्या गावचे उपकेंद्र, सेविका व आशाताई यांची नावे आणि समितीच्या शेवटच्या बैठकीची तारीख लिहिण्यासाठी जागा सोडली आहे. भोजनास जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने तो भरून द्यावा. ज्यांना रकाना रिकामा ठेवावा लागेल त्यांनी गावी फोन करून विचारावे. भोजनाला अजून पाऊण तास अवकाश आहे. सूचक म्हणून माझे नाव आहे, अनुमोदकाची ओळ कोरी आहे. माझी अशी विनंती आहे की अनुमोदन भगिनींपैकी कोणीतरी द्यावे.